मेजर, मिलिटरीच्या पैशात एमबीए होतं का?

हा प्रश्न मला गेल्या दोन-तीन वर्षांत तीस-चाळीस जणांनी तरी विचारला असेल. कधी विट्याच्या स्टँडवर, कधी कडेगावात ताबुतांच्या गर्दीत, कधी लग्नाच्या पंगतीत. विचारणारे तीन प्रकारचे असतात. एक, नुकताच पेन्शनीत आलेला फौजी. दोन, ज्याचं पोरगं किंवा पोरगी कॉलेजला आहे असा माजी सैनिक. आणि तीन, ज्यांच्या घरातला फौजी आता नाही, अशी एखादी वहिनी. प्रश्न एकच असला तरी तिघांची उत्तरं वेगवेगळी आहेत, आणि इथंच सगळा घोळ होतो. म्हणून एकदाच सविस्तर लिहितो. पोस्ट मोठी आहे, पण फौजेशी नातं असलेलं घर असेल तर पूर्ण वाचा.

आधी माझ्याबद्दल थोडं. बारावीवर भरती झालो, 17 वर्षं नोकरी करून हवालदार म्हणून घरी आलो. नोकरीत असतानाच इग्नूतून बी. ए. पूर्ण केलं. घरी आल्यावर लोकप्रशासनात एम. ए. केलं, तेही दूरस्थ पद्धतीनं. पुस्तकं मोबाईलवर, गृहपाठ वहीवर, परीक्षा जून आणि डिसेंबरला. दोन वर्षांचा अभ्यासक्रम मला तीन वर्षांत झाला. चार वर्षांपर्यंत मुदत असते, त्यामुळं उसाच्या लागणीच्या हंगामात एखादा पेपर पुढं ढकलता आला. पैसे सगळे माझे. दोन वर्षांची फी मिळून माझ्या एका महिन्याच्या पेन्शनपेक्षा कमीच भरली, म्हणून जमलं. सरकारकडून मला स्वतःला या शिक्षणासाठी एक रुपया मिळालेला नाही. आणि मिळायला पाहिजे होता असं माझं स्पष्ट मत आहे, त्याकडं शेवटी येतो.

आता मिळतं काय ते बघू.

पहिलं, स्वतः जवानाला. फौजेचं पुनर्वसन महासंचालनालय आहे, आपण त्याला डीजीआर म्हणतो. सेवेच्या शेवटच्या टप्प्यात ते कोर्स देतं. जवान आणि जेसीओंना हे कोर्स मोफत, अधिकाऱ्यांना फीच्या 40 टक्के भरावे लागतात, बाकी 60 टक्के सरकार भरतं. अधिकाऱ्यांसाठी आयआयएमसारख्या संस्थांत 24 आठवड्यांचे व्यवस्थापनाचे कोर्स असतात. जवानांसाठी संगणक, सुरक्षा, वाहन दुरुस्ती असले कोर्स जास्त. चांगले आहेत, करा. पण नीट समजून घ्या, ही पदव्युत्तर पदवी नाही, हा हाताला काम मिळावं म्हणून दिलेला कोर्स आहे. त्याचं प्रमाणपत्र घेऊन तुम्ही एम. ए. किंवा एमबीए झालात असं होत नाही.

दुसरं, मुलांना. इथं बऱ्यापैकी मिळतं आणि इथंच आपली माणसं सगळ्यात जास्त मागं राहतात.

केंद्रीय सैनिक बोर्डाची शैक्षणिक मदत आहे. हवालदार आणि त्याखालच्या पदावरून निवृत्त झालेल्यांच्या दोन मुलांना, पहिलीपासून पदवीपर्यंत. आधी महिना 1000 रुपये होते. 1 नोव्हेंबर 2025 पासून येणाऱ्या अर्जांना महिना 2000 केले. म्हणजे एका मुलाचे वर्षाला 24 हजार. हे पैसे कुठून येतात माहितीय? दर 7 डिसेंबरला शाळेत, तहसीलला, बँकेत आपण जो ध्वजदिन निधी देतो त्यातून. म्हणजे गावानं टाकलेला रुपया गावातल्याच पोराच्या वहीला येतो. आला पाहिजे, पण अर्जच केला नाही तर कसा येणार?

मग पंतप्रधान शिष्यवृत्ती. बारावीला 60 टक्के आणि पुढं व्यावसायिक पदवीला नियमित प्रवेश, अशा मुलांना महिना 2500, मुलींना 3000. देशभरात वर्षाला 5500 जणांना मिळते, त्यात निम्म्या मुली. ही पहिल्या पदवीसाठी आहे. पदव्युत्तरपैकी फक्त एमबीए आणि एमसीए यात बसतं, आणि तेही नियमित कॉलेजात पूर्णवेळ शिकत असाल तर. घरबसल्या ऑनलाइन एमबीए करणाऱ्यानं ही शिष्यवृत्ती गृहीत धरून फीचं गणित मांडू नये.

राज्याची माजी सैनिकांच्या पाल्यांसाठीची शैक्षणिक सवलत महाडीबीटीवर आहे. कॉलेजात प्रवेश घेतानाच तिथल्या क्लार्कला विचारा. तो सांगेल याची वाट बघू नका.

आणि ज्या घरातला जवान लढाईत गेला, बेपत्ता झाला किंवा कायमचा अपंग झाला, त्या घरातल्या मुलांची शिकवणी फी, वसतिगृह, पुस्तकं, गणवेश हे केंद्र सरकार पहिल्या पदवीपर्यंत देतं. 1971 च्या युद्धानंतर ही योजना सुरू झाली. 2017 मध्ये तिच्यावर महिना 10 हजारांची मर्यादा घातली होती. देशभरातून आरडाओरडा झाला आणि मार्च 2018 मध्ये ती मर्यादा उठली. हे मुद्दाम सांगतोय. बोललं की बदलतं.

तिसरं, वीरपत्नी आणि माजी सैनिकांच्या विधवा पत्नी. सैनिक बोर्डाच्या त्याच शैक्षणिक मदतीत एक ओळ आहे, जी माझ्या माहितीतल्या दहातल्या नऊ घरांना माहीत नाही. विधवा पत्नीला स्वतःच्या दोन वर्षांच्या पदव्युत्तर शिक्षणासाठीही हीच मदत मिळू शकते. आमच्या शेजारच्या गावातल्या एका वहिनींना मी हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "भाऊजी, पोरांचं मिळतंय तेवढं बास हाय. आता माझं काय शिकायचं वय हाय व्हय?" वय अडतीस. बी. ए. झालेल्या. पदर खोचून दोन म्हशी आणि सासूचं आजारपण बघतात. मी म्हटलं, वहिनी, दादा गेले तेव्हा रेकॉर्ड ऑफिसची सगळी इंग्रजी पत्रं तुम्हीच वाचलीत, तुम्हीच उत्तरं दिलीत. त्या गप्प बसल्या. पुढच्या आठवड्यात त्यांच्या पोरीनं मला फोन केला, "काका, आईला कागदं काय काय लागत्यात?" हे ऐकून मला माझ्या एम. ए. च्या निकालापेक्षा जास्त बरं वाटलं.

कागदपत्रांचं सांगतो, कारण अर्ज बहुतेक तिथंच अडकतात. डिस्चार्ज बुक, पीपीओ, माजी सैनिक किंवा विधवा ओळखपत्र, आधार, बँकेचं पासबुक, मागच्या वर्षाचं गुणपत्रक, आणि शाळा-कॉलेजचं प्रमाणपत्र. यात सगळ्यात मोठी अडचण पार्ट टू ऑर्डरची. पोरगं जन्मलं तेव्हा तुम्ही सियाचीनला होता, युनिटला कळवलं ते 'बाळू', शाळेत नाव पडलं दुसरंच, आधारवर तिसरं. जन्मतारीख एकीकडं जूनची, एकीकडं आपली ठरलेली 1 जून. मग अर्ज परत. आता रेकॉर्ड ऑफिसला पत्रव्यवहार करा, प्रतिज्ञापत्र करा, राजपत्रात नाव बदला. यात वर्ष जातं आणि त्या वर्षाची मदतही जाते. म्हणून जे अजून नोकरीत आहेत त्यांनी या सुट्टीतच बायको-पोरांची नावं, तारखा डिस्चार्ज बुकात काय आणि आधारला काय, हे जुळवून घ्या. जेवढं सोपं काम नोकरीत असताना युनिटच्या क्लार्ककडून होतं तेवढं नंतर होत नाही.

आता मूळ प्रश्नावर. पदव्युत्तर शिक्षण, तेही ऑनलाइन. यात दोन मोठे खड्डे आहेत. दोन्ही आपल्याच तालुक्यातल्या माणसांच्या बाबतीत बघितलेत.

पहिला खड्डा ग्रॅज्युएशनच्या प्रमाणपत्राचा. दहावी पास आणि 15 वर्षं सेवा झालेल्या जवानाला फौजेकडून पदवी समकक्ष प्रमाणपत्र मिळतं. ते भिंतीवर लावायला छान दिसतं, आणि उपयोगीही आहे. पण कशासाठी? 1986 च्या केंद्राच्या आदेशानं ते गट 'क' च्या नोकऱ्यांसाठी आहे, जिथं अट 'पदवीधर' एवढीच आहे तिथं. विद्यापीठात एम. ए., एम. कॉम., एमबीएला प्रवेश घेताना ती पदवी धरत नाहीत. माझ्याच बॅचचा एक मित्र, हुशार माणूस, सिग्नलमध्ये होता, संगणकातलं आमच्यापेक्षा चौपट कळायचं. त्याला वाटलं आपण ग्रॅज्युएट. एका संस्थेनं त्याच्याकडून अर्जाची फी भरून घेतली, कागद बघितले, आणि दीड महिन्यानं कळवलं की पात्र नाही. त्या दिवशी तो मला म्हणाला, "गड्या, सरकारच लिहून देतंय ग्रॅज्युएट, आन् सरकारच म्हणतंय न्हाईस." यात त्याचं काय चुकलं? कागदावर मोठ्या अक्षरात 'फक्त नोकरीसाठी' असं छापलं असतं तर पस्तिशीतल्या माणसावर ही वेळ आली नसती. आता तो बी. ए. च्या पहिल्या वर्षाला आहे. पोरगी बारावीला. दोघं एकाच टेबलावर अभ्यासाला बसतात.

दुसरा खड्डा फोनवरून येतो. एकदा तुम्ही मोबाईलवर 'ऑनलाइन एमबीए' असं शोधलं की दुसऱ्या दिवसापासून गोड आवाजात फोन सुरू. "सर, आपण डिफेन्समधून आहात ना? आपल्यासाठी स्पेशल स्कीम आहे." फी लाख-दीड लाख, त्यात डिफेन्सची सवलत वजा करून नव्वद हजार, आजच भरली तर पंच्याऐंशी. आमच्या गल्लीतल्या एकाला असाच फोन आला. त्यानं स्पीकरवर टाकून मला ऐकवला. मी फक्त एवढं विचारलं, "ताई, ही सरकारी योजना आहे का तुमच्या कंपनीची सूट? आणि या वर्षी यूजीसीच्या यादीत या विद्यापीठाचा हा कोर्स आहे का?" पलीकडून उत्तर आलं, "सर, मी सीनियरना कनेक्ट करते." सीनियर काही आले नाहीत.

सवलत देणं वाईट नाही. पण सूट म्हणजे सरकारी मदत नव्हे, आणि छापील किमतीवरची सूट काय असते हे बाजारहाट करणाऱ्या माणसाला सांगायला नको.

तेव्हा पैसे भरायच्या आधी एवढं बघा. यूजीसीचा दूरस्थ शिक्षण विभाग आहे, डीईबी. त्याच्या संकेतस्थळावर कुठल्या विद्यापीठाला कुठल्या वर्षी कुठला अभ्यासक्रम ऑनलाइन किंवा दूरस्थ चालवायची मान्यता आहे याची यादी असते. विद्यापीठाचं नाव असून भागत नाही, तुमचा कोर्स आणि तुमचं वर्ष दोन्ही त्यात पाहिजे. सप्टेंबर 2024 च्या सत्रापासून विद्यार्थ्यानं स्वतः डीईबी आयडी काढणं सक्तीचं आहे. तुमच्या नावानं दुसरा कुणी काढून देतो म्हणाला तर सावध व्हा. इंजिनिअरिंग, मेडिकल, नर्सिंग, फार्मसी, कायदा, शेती, पीएच. डी. हे ऑनलाइन किंवा दूरस्थ पद्धतीनं चालत नाही. कुणी देतो म्हणाला तर तो फसवतोय. गावातल्या क्लासवाल्याला विद्यापीठाची शाखा म्हणून चालवायला देणं, म्हणजे फ्रँचायझी, यालाही बंदी आहे.

उलट, मान्यताप्राप्त विद्यापीठाची ऑनलाइन पदवी ही कॉलेजात जाऊन घेतलेल्या पदवीच्या बरोबरीची आहे, हे यूजीसीनं सप्टेंबर 2022 मध्ये स्पष्ट केलंय. त्यामुळं "घरी बसून घेतलेली डिग्री काय कामाची" असं म्हणणाऱ्या पाहुण्यांकडं लक्ष देऊ नका. आपल्याला इग्नू आहे, नाशिकचं मुक्त विद्यापीठ आहे, कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाचं दूरशिक्षण केंद्र आहे. स्वयंवर तर फुकट कोर्स आहेत, परीक्षा द्यायची असेल तरच थोडी फी. विद्यापीठानं मान्य केलं तर एका सत्राचे 40 टक्क्यांपर्यंत क्रेडिट स्वयंवरून घेता येतात. आधी एखादा फुकट कोर्स करून बघा. रोज रात्री एक तास बसवतंय का, हे कळेल. मग फी भरा.

आता माझं म्हणणं.

अमेरिकेत दुसरं महायुद्ध संपायच्या आधीच, 1944 मध्ये, एक कायदा झाला. लोक त्याला जीआय बिल म्हणतात. युद्धावरून परतणाऱ्या सैनिकाच्या शिक्षणाचा खर्च सरकार करेल असं ठरलं. साधारण 22 लाख माणसं त्या पैशावर कॉलेजात गेली, शेतकऱ्याची, कामगाराची पोरं, ज्यांच्या घरात आधी कुणी कॉलेज बघितलं नव्हतं. आजही तिथं 36 महिन्यांचं शिक्षण मिळतं. त्यात पदव्युत्तरही बसतं, ऑनलाइनही बसतं. फक्त पूर्ण ऑनलाइन शिकणाऱ्याला घरभाड्याचा भत्ता कमी मिळतो. आणि तो हक्क स्वतः सैनिकाचा. ठरावीक वर्षं सेवा केली तर तो बायको-पोरांच्या नावावरही करता येतो.

लगेच कमेंटमध्ये येईल, "मेजर, तुम्हाला पेन्शन हाय, कॅन्टीन हाय, अजून काय पायजे?" प्रश्न रास्त आहे. आपल्याकडं जवानाला 15 वर्षांनी पेन्शन आहे. तिथं 20 वर्षांनी, आणि चार वर्षांत बाहेर पडणाऱ्याला पेन्शन नाही. म्हणून तिथं शिक्षण, इथं पेन्शन, असा तो हिशेब होता. मी तो मान्य करत आलो.

पण 2022 पासून हिशेब बदलला. अग्निपथमध्ये पोरगा चार वर्षांसाठी जातो. त्यातले 25 टक्क्यांपर्यंत कायम होणार, बाकीचे घरी. पेन्शन नाही, माजी सैनिकाचा दर्जा नाही, म्हणजे वर सांगितलेल्या सैनिक बोर्डाच्या योजनाही नाहीत. हातात सेवा निधीचे साधारण 11 लाख 71 हजार, त्यातले जवळपास निम्मे त्याच्याच पगारातून कापलेले. केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांत आणि आसाम रायफल्समध्ये 2022 मध्ये 10 टक्के राखीव जागा जाहीर झाल्या होत्या, पण त्यात सगळे मावणार नाहीत हे साधं गणित आहे. म्हणजे कमी मुदतीची नोकरी आपण घेतली आणि तिच्याबरोबर यायला हवा होता तो शिक्षणाचा हक्क मागंच राहिला.

पहिली तुकडी 2026 च्या अखेरीस आणि 2027 च्या सुरुवातीला घरी येतीय. वय साधारण बावीस ते सत्तावीस. या पोरांना आपण पहाटे चार वाजता सागरेश्वरच्या रस्त्यावर पळताना बघितलंय. टेंभूचं पाणी आलं म्हणून शेती सुधारली, पण दीड एकरात तीन भाऊ कसे बसणार? 11 लाख आले की पहिले सहा महिने घरात कोण कोण येईल ते मला माहीत आहे. गाडीचा शोरूमवाला, प्लॉटवाला, 'अकॅडमी काढू' म्हणणारा मित्र, आणि मग तो गोड आवाजातला फोन.

या पोरांसाठी एक गोष्ट केलेली आहे, ती त्यांनी सोडू नये. इग्नूची अग्निवीरांसाठी तीन वर्षांची पदवी आहे. तिचे निम्मे क्रेडिट फौजेतल्या प्रशिक्षणाचे धरले जातात, निम्मे अभ्यासाचे. दहावीवर गेलेल्यांना बारावी समकक्षतेची सोय आहे. ज्यांची पोरं, पुतणे, भाचे आत्ता अग्निवीर आहेत त्यांनी आज रात्री फोन करून एवढंच विचारा, "नाव नोंदवलंस का? गृहपाठ दिलास का?" कारण ही खरी पदवी घेऊन पोरगा बाहेर पडला तर पंचविशीत त्याला एम. ए., एमबीए, स्पर्धा परीक्षा सगळ्याची दारं उघडी. नाही घेतली तर माझ्या सिग्नलवाल्या मित्रासारखं पहिल्यापासून.

हे सगळं लिहिताना एक गोष्ट मनातून जात नाही. यशवंतराव चव्हाण आपल्या देवराष्ट्र्यात जन्मले, 12 मार्च 1913 ला. तेव्हा कडेगाव तालुका नव्हता, आता ते गाव आपल्या तालुक्यात आहे. वडील लहानपणीच गेले, आई विठाईनं शिकवलं. मुख्यमंत्री झाल्यावर ज्यांचं वर्षाचं उत्पन्न बाराशेच्या आत त्यांच्या पोरांना फी माफ केली. ईबीसी म्हणतात ती हीच. आपल्या बापजाद्यांतले कितीतरी त्या सवलतीवर शिकले. देशातली पहिली सैनिक शाळा 1961 मध्ये साताऱ्याला निघाली ती तेच मुख्यमंत्री असताना. नोव्हेंबर 1962 मध्ये चीनच्या युद्धात ते संरक्षणमंत्री झाले आणि 1966 पर्यंत होते. आणि 1989 मध्ये नाशिकला जे मुक्त विद्यापीठ निघालं त्याला त्यांचंच नाव. फी माफी, फौज आणि घरबसल्या शिक्षण, तिन्ही गोष्टी एकाच माणसाच्या नावाशी जोडलेल्या, आणि तो माणूस आपल्या मातीतला. तरी आपल्याच तालुक्यातला फौजी विचारतोय की शिकायला काही मिळतं का, आणि मला सांगावं लागतं की तुला स्वतःला नाही.

इकडं काल्यात 1919 मध्ये कर्मवीरांनी रयत काढली. 'कमवा आणि शिका' हे आपल्याला कुणी परदेशातून येऊन शिकवलेलं नाही. आणि फौजेत जाण्याचं म्हणाल तर साताऱ्याच्या मिलिटरी अपशिंग्यानं पहिल्या महायुद्धात 46 जवान गमावले. शंभर वर्षांहून जास्त काळ हा मुलूख माणसं देतोय. परत आलेल्या माणसाला आपण काय दिलं? बहुतेकांना बँकेच्या दारातली खुर्ची आणि बारा बोअरची बंदूक. त्या कामाला मी कमी लेखत नाही, मी स्वतः दोन वर्षं एका कारखान्याच्या गेटवर उभा राहिलोय. एम. ए. चालू असताना तिथल्याच कार्यालयात घेतलं, आता पगारपत्रकं आणि कामगारांच्या तक्रारी बघतो. गेटपासून कार्यालयापर्यंत अंतर चाळीस पावलांचं. ते चालायला मला तीन वर्षं लागली आणि ती फी माझ्या खिशातून गेली. ज्याच्या खिशात नाही तो गेटवरच राहतो.

म्हणून मागण्या लिहितो. आमदार, खासदार, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय, विद्यापीठं, कुणापर्यंत पोचतील त्यांनी वाचाव्यात.

1. माजी सैनिकाला स्वतःला, आयुष्यात एकदा, मान्यताप्राप्त मुक्त किंवा ऑनलाइन विद्यापीठातल्या एका पदवी किंवा पदव्युत्तर अभ्यासक्रमाची फी मिळावी. निकाल लागल्यावर परत दिली तरी चालेल, म्हणजे पैसा वाया जाण्याची भीती नको.

2. अग्निवीराला सेवा निधीच्या वेगळा, फक्त शिक्षणासाठी वापरता येईल असा हक्क द्यावा.

3. यशवंतरावांच्या नावाच्या विद्यापीठानं फौजेतल्या प्रशिक्षणाला क्रेडिट द्यावेत. 2023 च्या राष्ट्रीय क्रेडिट आराखड्यात अनुभव आणि कौशल्य मोजायची सोय केलेलीच आहे.

4. पदवी समकक्ष प्रमाणपत्रावर ते कशासाठी चालतं आणि कशासाठी चालत नाही हे मराठी-हिंदीत स्पष्ट छापावं.

5. महिन्यातून एक दिवस कडेगाव तहसीलमध्ये सैनिक कल्याणचं शिबिर व्हावं. सांगलीला जाऊन एका झेरॉक्ससाठी परत येणं म्हाताऱ्या आईला आणि एकट्या बाईला परवडत नाही.

यातली पाचवी मागणी अशी आहे की तिला दिल्लीची परवानगी लागत नाही. ठरवलं तर पुढच्या महिन्यात होईल.

तोवर आपण आपलं करू. आम्ही चार-पाच माजी सैनिक दर रविवारी सकाळी गावच्या वाचनालयात बसतो. कागद घेऊन या. अर्ज भरायचे पैसे नाहीत, चहा तुमच्याकडून चालेल. तुमच्या गावात असं कुणी बसत असेल तर गावाचं नाव कमेंटमध्ये लिहा, म्हणजे लोकांना कळेल. आणि तुमच्या वाड्यावस्तीवर एखादी वहिनी असेल जी बी. ए. होऊन थांबलीय, तर ही पोस्ट तिला वाचून दाखवा. लाईक नाही केलं तरी चालेल.

जय हिंद.